आत्याबाई आणि बैजिक राशी

आमच्या आत्याबाईनं एखादी गोष्ट मनावर घेतली की ती गोष्टच शेवटी दमते, असा भातकुली गावाचा अनुभव आहे. तिथं तिचा झेंडूचा मळा. आठवीत शाळा सुटलेली ही बाई साठीला आल्यावर बाहेरून दहावीला बसायला निघाली. मी अमरावतीत गणिताच्या शिकवण्या घेतो, त्यामुळं मास्तर घरचाच. बाजारात फुलं विकून ती थेट माझ्याकडं यायची आणि झेंडूच्या वासासकट आठवीचं पुस्तक उघडायची.

गुणोत्तरीय बैजिक राशींचा गुणाकार आला आणि तिला कापाकापीचा नाद लागला. अंशात एक्स, छेदात एक्स दिसला की मारलीच काट. एक्स अधिक तीन भागिले एक्स अधिक पाच, याचे तिनं सरळ तीन पंचमांश केले. बेरजेतला तुकडा कापता येत नाही, आधी अवयव पाडावे लागतात, हे सांगून माझा घसा बसला.

"दोन्हीकडं सारखाच हाय, मंग कावून नाई कापायचा?"

शेवटी मी तिला एक्सच्या जागी एक ठेवायला सांगितलं. उत्तर आलं दोन तृतीयांश, तीन पंचमांश नव्हे. तिनं दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले.

"मंग एवढे दिवस मी काय कापून राहिली होती, बापू?"

तिनं सगळी उदाहरणं खोडली आणि पहिल्यापासून सोडवायला घेतली. एकदा बसमध्ये एक्स वर्ग वजा नऊचे अवयव पाडता पाडता भातकुली मागं पडली. पुढच्या गावाहून उन्हात चालत आली, पण अवयव बरोबर होते. आणखी एकदा वरखाली सगळंच कटलं म्हणून तिनं उत्तर शून्य लिहिलं. मी विचारलं, पाच टोपल्या पाच बायांत वाटल्या तर? "एकेक," ती म्हणाली, आणि गुपचूप शून्य पुसलं.

दहावी ती पास झाली. गणितात मला वाटले होते त्याहून बरेच जास्त गुण पडले. पेढे वाटून तिनं मळा बटाईनं कसायला दिला आणि लेकीकडं अकोल्याला जाऊन अकरावीला नाव घातलं.

परवा मी तिथं गेलो. ती खिडकीशी रसायनशास्त्रात बुडाली होती. "बस बापू, एवढं झालं की बोलते," म्हणाली. मी चहा घेतला, लेकीशी बोललो, वाट पाहिली. तिच्या ओठांची हालचाल चाललेली, बोट ओळीवरून सरकत होतं. शेवटची बस गाठायची होती. मी उठलो, दाराशी क्षणभर थांबलो, पण हाक काही मारवली नाही.