रोममध्ये आपलं माणूस भेटलं

कुवेतमधल्या अहमदीतलं आमचं घर म्हणजे धर्मशाळा. तेलकंपनीने दिलेल्या दोन खोल्या, राहणारी माणसं दोन, आणि शुक्रवारी जेवायला पानं दहा-बारा! आमच्या ह्यांची सवयच तशी होती. बाजारात, बसमध्ये, कुठेही मराठी कानावर पडलं की हे वळलेच. "कुठले तुम्ही?" आणि लगेच, "चला घरी, जेवूनच जा." शुवैखच्या बंदरावर कामाला गेले की येताना गाडीत रत्नागिरीकडचा एखादा खलाशी नाहीतर दुकानदार असायचाच. ते लोक सुकट, आमसुलं घेऊन यायचे, "भाभी, बसा तुम्ही" म्हणून भांडीही घासायचे. माणसं लाख चांगली, त्यांच्यावर माझा राग नव्हता. पण नवऱ्याशी एक शब्द बोलायचा तर चौघांच्या देखत बोलावा लागे.

आणि मला बोलायचं होतं. लग्नानंतर हे कुवेतला आले तेव्हा बायकोला आणायला घर मिळत नसे, म्हणून मी पेणला सासरीच राहिले. तिथे सातव्या महिन्यात माझं मूल गेलं. घरच्यांनी ह्यांना कळवलं ते एवढंच, की मूल राहिलं नाही, सूनबाई बरी आहे. पुढे मी अहमदीला आले. ह्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मीही नाही. आज विचारतील, उद्या विचारतील म्हणून मी वाट बघायची, आणि तेवढ्यात दारात कुणीतरी उभं, "वहिनी, चहा मिळेल का?" मिळेल हो बाबा, मिळेल.

साठ सालानंतरची गोष्ट. एका रजेच्या आधी हे अचानक म्हणाले, "यंदा आधी रोमला जाऊ. चार दिवस. मग घरी."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण तिकिटं खरंच काढली. सासूबाई रुसल्या, आईला सोडून दगड बघायला चाललाय असं त्यांनी पत्रात लिहिलं. मला दगडांचं काय? चार दिवस ओळखीचं कुणी नाही, आपली भाषा कळणारं कुणी नाही, आम्ही दोघंच! तिथे ह्यांना सगळं सांगायचं, मनसोक्त रडायचं, हे मी विमानात बसायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

पहिल्याच दिवशी दुपारी आम्ही नदीवरच्या एका जुन्या पुलावर उभे होतो. दोन्ही कठड्यांवर दगडी देवदूत. ऊन कसं मवाळ, कुवेतसारखं अंगावर धावून येणारं नाही. मी धीर केला.

"अहो, मला तुमच्याशी बोलायचंय. पेणचं."

हे थांबले. माझ्याकडे नीट वळून म्हणाले, "बोल."

एवढं सरळ "बोल" ह्यांनी मला आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "अगंबाई! मराठी!"

माझ्याच वयाची एक बाई धावत आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. मागून तिचा नवरा. तो तिथल्या कुठल्याशा मोठ्या कचेरीत नोकरीला होता, दोघंही मूळचे कोल्हापूरकडचे. बाईच्या डोळ्यांत चक्क पाणी. "दोन वर्षांत पहिली मराठी बाई बघतेय हो मी!" नवरा ह्यांना म्हणाला, "हॉटेलात कसले राहता? बॅगा उचला, घरी चला."

मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, नको. ह्यांना ती खूण कळली, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण अख्ख्या अहमदीला जबरदस्तीने घरी नेऊन जेवू घालणारा माणूस, तो कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

झालं! बॅगा गेल्या चौथ्या मजल्यावर. मी कुवेतहून नेलेल्या भाजणीची थालीपिठं झाली, मेतकूट-भात झाला. जेवण उरकलं की चौघांनी मेंढीकोट खेळायचा. संध्याकाळी बसमधून चक्कर, "तो बघा घुमट, ते बघा कारंजं," आणि पुन्हा पत्ते. अहमदीला परतल्यावर सगळ्यांनी विचारलं, रोममध्ये काय काय पाहिलं? काय सांगणार, कपाळ! बसची खिडकी पाहिली.

सुरुवातीला मला त्या बाईचा संताप यायचा. सकाळी डोळा उघडल्यापासून तिच्या तोंडाची टकळी चालू. पण तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो, पुरुष बाहेर पत्ते पिसत होते, आणि ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "माझी दोन गेली हो. तुमचं कसं?"

असं मला कुणी विचारलंच नव्हतं. सासूने नाही, आईने नाही, ह्यांनी नाही. मग मी थांबलेच नाही. सुईण उशिरा आली ते, सासऱ्यांच्या उपरण्यात गुंडाळून मागच्या दाराने नेलं ते, बघू द्या म्हणून मी ओरडत होते ते. मुलगी होती, डोक्यावर दाट जावळ होतं, हे सुद्धा. मी पोटभर रडले. ती माझ्या पाठीवर हात फिरवत बसली आणि तीही रडली. मध्येच हे पाणी प्यायला आले, प्याले आणि निघून गेले. आम्ही डोळे पुसून पुन्हा मटार पुढे ओढले. त्या रात्री मी कितीतरी वर्षांनी गाढ झोपले.

शेवटच्या दिवशी तिचा नवरा कचेरीत गेला आणि तिलाही काही काम निघालं. अर्धा दिवस आमचा, दोघांचाच! आम्ही कोलोसियमला गेलो. मी खुशीत होते. इथे उभे राहा, फोटो काढते, ते मांजर बघा किती गलेलठ्ठ, असं माझं चाललं होतं.

हे म्हणाले, "त्या दिवशी पुलावर काय सांगणार होतीस?"

"राहू द्या हो आता," मी म्हटलं.

हे एका पडक्या कमानीच्या सावलीत सरकले.

"पाणी प्यायला आलो होतो ना, तेव्हा ऐकलं मी," हे म्हणाले. "मुलगी होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी इतकी वर्षं मुलगाच धरून चाललो होतो. मनातल्या मनात नावसुद्धा ठेवलं होतं."

म्हणजे ह्यांच्याही मनात ते होतं, इतकी वर्षं! मग मी सांगायला लागले, अगदी पहिल्यापासून. पण रडू येईना, शब्द येईनात. चार वाक्यांत सगळं संपलं. हे मात्र पुढचं ऐकायला तसेच उभे राहिले.