मार्थाबाईंचा रफार

"माथाबाई कोण हो?"

शेळके सर फोनवर विचारत होते. ते आमच्या केडगावातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक. आवाज अगदी शांत होता. ते शांत बोलायला लागले की समजायचं, लई चिडलेत.

"कोण माथाबाई, सर?"

"तेच मी विचारतोय. आमच्या बाई मार्था आहेत. आज चारला त्यांचा निरोप समारंभ. तुम्ही मानपत्र पाठवलंय माथाबाईंचं. पुढचं वाचू? 'बाईंचे शैक्षणिक काय, हे सवांना ठाऊक आहे.' काय ठाऊक आहे हो सवांना?"

मी स्क्रीनकडे बघितलं. कार्यचं काय झालं होतं. सर्वांचं सवां, आदर्शचं आदश. अख्ख्या मानपत्रात एकही रफार शिल्लक नव्हता.

"आणि मी शहाणा, न वाचता स्टाफच्या ग्रुपवर टाकलं," सर म्हणाले. "बाई त्याच ग्रुपवर आहेत. टाइप कोणी केलं हे?"

"ऑपरेटरनं," मी म्हणालो. "तिचं लक्ष नसेल."

"मग ऑपरेटर बदला. चारच्या आत मला फ्रेम पाहिजे. नाहीतर मोकळ्या हातानं निरोप देतो बाईंना, आणि कुणामुळं ते माईकवर सांगतो."

ऑपरेटर म्हणजे सुनंदा. माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. खुर्ची पुढं ओढून कीबोर्ड स्वतःकडे घेतला.

माझं पुणे रोडला छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, मानपत्रं. मी फार बोलणारा माणूस नाही, आणि त्या दिवसाचं तर घरीसुद्धा बोललो नव्हतो. पण ती दुपार अजून आठवते. थोडी आनंदानं, थोडी लाजेनं.

मार्थाबाई मराठीच्या. निम्म्या केडगावाला रफार कुठल्या अक्षरावर द्यायचा, ते त्यांनी शिकवलं. मलाही. रफार विसरला की लाल पेनानं गोल करायच्या आणि त्या गोलात काही लिहायच्या नाहीत. आपलं आपण शोधायचं. अशा बाईंच्या नावावरचाच रफार आम्ही उडवला होता.

सुनंदानं मार्थावर रफार दिला. उमटला नाही. खोडून पुन्हा दिला. नाही.

"दादा, मी देतीय. दिसतच न्हाई. काल संध्याकाळी सगळे हुते. मी दोनदा वाचलंय."

"बघू," मी म्हणालो. कर्सर 'मा'च्या मागं ठेवला आणि उजवा बाण दाबत गेलो. एकेका अक्षरावरून कर्सर पुढं सरकला. मग मी बाण दाबला आणि तो हललाच नाही. पुन्हा दाबला, तेव्हा पुढं गेला.

मी खुर्चीतून उठलोच. "सुनंदा, इथं काहीतरी आहे. रफार आहे. फक्त दिसत नाहीये."

"म्हंजे?"

आमचे जुने मराठी फॉन्ट म्हणजे एक सोंग असतं. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी अक्षरं आणि खुणा टाइप करतोय. फॉन्ट त्या प्रत्येकाला मराठीचा मुखवटा चढवतो. यातला रफार ज्या खुणेवर बसवलाय, ती खूण नवे प्रोग्राम 'न दाखवण्याची' समजतात. जुन्या प्रोग्रामला हे शहाणपण नाही. तो बिचारा दिसेल ते दाखवतो.

नवा प्रोग्राम. तेवढा शब्द डोक्यात आला आणि आदली संध्याकाळ आठवली.

आदल्या संध्याकाळी सुनंदा घरी गेल्यावर मी नवा डिझाइनचा प्रोग्राम टाकला होता. फार दिवस पाहिजे होता मला. सकाळी बाईंचा फोटो मोठा करायला मानपत्राच्या फाइलवर डबल क्लिक केलं. कॉम्प्युटरनं विचारलं, या प्रकारच्या फाइल कशात उघडू? नवा निवडला. खाली दोन बटणं होती. एक म्हणजे फक्त या वेळेपुरतं, दुसरं ऑलवेज, म्हणजे कायमचं. मी मोठ्या रुबाबात ऑलवेज दाबलं. फोटो मोठा केला, सेव्ह केलं, सरांना पाठवलं. मजकुराकडे ढुंकून बघितलं नाही.

हे सगळं त्या क्षणी मला कळलं. सुनंदाला सांगितलं नाही. "वेळ नाही, जुन्यात उघडू," एवढंच म्हणालो.

जुना प्रोग्राम मशीनवर होताच. त्यातून फाइल उघडायला गेलो तर तो म्हणाला, ही माझ्यापेक्षा नव्या प्रोग्रामची फाइल आहे, मला उघडत नाही. सकाळी मी सेव्ह केलं होतं ना.

"पुन्हा टाइप करू?" सुनंदानं विचारलं.

"बॅकअप," मी म्हणालो. सेव्ह करताना नवा प्रोग्राम आधीच्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवतो. म्हणजे सुनंदानं काल केलेलं तसंच्या तसं असणार. फोल्डर उघडला. होती. सुनंदाचं बोट डबल क्लिकसाठी उचललं गेलं आणि मी तिचा माउसच धरला.

"थांब. डबल क्लिकनं नव्यातच उघडंल. राइट क्लिक कर."

तिनं राइट क्लिक केलं. ओपन विथ. यादीत जुना प्रोग्राम. निवडला. तो मेला इतका सावकाश उघडतो. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. आधी चौकट आली, मग फोटो, मग अक्षरं. आणि अक्षरांच्या डोक्यावर एकेक रफार. मार्था. कार्य. सर्व. आदर्श.

"आले," सुनंदा म्हणाली, आणि खुर्चीतच उडाली.

पुढचं सगळं पळापळीत. फोटो पुन्हा मोठा केला, प्रिंट काढली, ती ओलीच फ्रेमवाल्याकडे नेली. फ्रेम मांडीवर घेऊन सुनंदा मागं बसली आणि आम्ही मोटारसायकलवर शाळेत. सर माईक हातात घेऊन उभेच होते.

कार्यक्रम झाल्यावर बाईंनी मला बोलावलं. सर शेजारी होते, सुनंदा माझ्या मागं. बाई काचेवरून बोट फिरवत ओळ न् ओळ वाचत होत्या.

"सगळे जागेवर आहेत. कोणी दिले?"

"सुनंदानं. आमची ऑपरेटर."

"आणि सकाळी ग्रुपवर आलं त्यातले खाल्ले कोणी? मी हसून हसून बेजार झाले."

सर सुनंदाकडे बघायला लागले. बाई माझ्याकडेच बघत होत्या. लाल गोल करायच्या, तशाच.

"मी," म्हणालो. "तिनं बरोबर केलं होतं. मी प्रोग्राम बदलला, न वाचता पाठवलं, आणि नाव तिचं सांगितलं."

"सहावीतही विचारलं की तू शेजारच्याकडं बघायचास," बाई म्हणाल्या.

सर खाकरले. "सुनंदाताई, माझं चुकलं," म्हणाले.

परत येताना मी सुनंदाला ऑलवेजच्या बटणाचंही सांगितलं. ती मागून म्हणाली, "दादा, ते कायमचं बटण आधी बदला. उद्या एखाद्या नवरीचं नाव जाईल."

त्याच संध्याकाळी बदललं. फाइलवर राइट क्लिक, ओपन विथ, जुना प्रोग्राम, ऑलवेज. सकाळी जेवढा वेळ लागला होता तेवढाच लागला. नवा प्रोग्राम अजून आहे, चांगलाही आहे, पण तो आता बोलावल्याशिवाय येत नाही. आणि कॉम्प्युटरनं कायमचं काही विचारलं की मी आधी शेजारच्या खुर्चीला विचारतो.