बंबातली बोट

मी एकदा बोट जाळली. अख्खी, धुराड्यांची, बंबात घालून. तेव्हा मी चांगली आजी झालेली होते, पण अक्कल बालवाडीतच बसलेली.

बोट माझ्या दिरांची, आबाभाऊजींची. मागच्या महिन्यात त्यांच्या मुलाचा, दत्ताचा, दहिवडीहून फोन आला (शेवटी ते त्याच्याकडेच होते), "काकू, आबा गेले..." आणि मला आधी आठवलं ते अंघोळीचं पाणी.

भाऊजी आफ्रिकेला जाणाऱ्या उतारूंच्या बोटीवर सुतार होते. ती बोट भंगारात गेली, तसे ते आमच्याकडे सांगलीला राहायला आले. दत्ता मात्र सहलीच्या नव्याकोऱ्या जहाजावर वाढपी. सुट्टीला आला की रंगीत फोटो नाचवायचा. "आबा, तुमचं भंगार इसरा आता. ह्ये बगा, तरंगतं हाटेल!" भाऊजी चष्मा लावून फोटोवर अंगठा फिरवत. "ह्यो जिना आमचा. कडंनं फिरायचा सज्जा आमचा. धुराडं शोभेला मागं कललंय, त्येबी आमचंच. नाक तेवढं बोथट केलंय... आमाला येळंत पोचायचं हुतं, ह्यास्नी निस्तं फिरायचंय." मी फिस्सकन हसले, "निघाल्या जागीच परत यायचं, तर माणसं जातात कशाला?"

दत्ताला काही पटेना. मग त्याच्या पुढच्या सुट्टीसाठी भाऊजींनी लाकडाच्या दोन बोटी करायला घेतल्या. जुनी आणि नवी शेजारी ठेवायच्या, म्हणजे कुठलं काय कुठून आलं ते पोराला दिसेल. हे मला मागाहून कळलं. कितीतरी दिवस न्हाणीशेजारी त्यांचं तासणं चाललेलं. दत्ता यायचा त्या सकाळी मी पाहिलं, एक पांढरीशुभ्र, मजल्यांवर मजले. दुसरी लांबोडकी, बिनरंगाची. मला वाटलं, ही बिघडलेली असणार. विचारायची पद्धत माझ्यात नव्हतीच! धुराड्यांसकट बंबात सारली. वर त्याच कढत पाण्याची बादली भाऊजींना काढून दिली.

दुपारी दत्तानं नवी बोट हातात घेऊन विचारलं, "आन् तुमची कुटाय?" भाऊजींनी कोपरा पाहिला, मग बंबाखालची राख, मग मला. पुन्हा करायला पुढे वयानं त्यांचे हात स्थिर राहिले नाहीत. दत्ताला दाखवायचं ते राहूनच गेलं... आणि मी? माफी मागायची सोडून शिरा केला.

आता घरात गिझर आहे, पण बंब मी मोडीत घालू दिलेला नाही. चिंचेनं घासायला बसले की त्या संध्याकाळचे भाऊजी समोर येतात, शिऱ्याची बशी हातात धरलेले. पहिला घास गिळून म्हणाले होते,

"वैनी, पानी मातर लय झ्याक तापलं हुतं. वाफंवरचीच बोट ती... शेवटपतूर आपलं काम करून गेली."