कोरे ॲप्रन

डागकाका हे नाव त्यांना गल्लीतल्या पोरांनी दिलं. राग यायच्या ऐवजी काकांना त्याचा जरा तोराच चढला, कारण नाव खोटं नव्हतं. कोपऱ्यावरच्या त्यांच्या लाँड्रीत कपडा आला की ते आधी तो उजेडाला धरत, मग नखाने खरवडत, मग नाकाशी नेत, आणि मगच पावती फाडत. "हा सॉसचा नाही, गंजाचा आहे. खिडकीच्या गजाला टेकून कोणाची वाट बघत होतात?" असं त्यांनी एका गृहस्थांना भर दुकानात, त्यांच्या बायकोसमोर विचारलं होतं. ते गृहस्थ तेव्हापासून पलीकडच्या चौकातल्या लाँड्रीत जायला लागले. काकू, म्हणजे काकांची बायको आणि इस्त्रीच्या टेबलाची खरी मालकीण, कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, लोक डाग काढायला येतात, वाचून घ्यायला नाही!"

पण वाचल्याशिवाय काढता येत नाही, यावर काका ठाम होते.

त्यांची एकुलती एक लेक याच काउंटरखाली टोपलीत लोळत मोठी झाली. बोलायला लागली ती प्रश्न घेऊनच. हा डाग कुठून आला, धुतल्यावर कुठे गेला, पाण्यात गेला तर पाणी कुठे गेलं. काकू वैतागून तिला 'चौकशी' म्हणायला लागल्या, आणि तेच नाव घरात चिकटलं. पुलापलीकडच्या जुन्या मोठ्या कॉलेजातल्या मुलांचे प्रयोगशाळेतले ॲप्रन धुवायला येत. ते काही साधे कपडे नव्हते. कोणाच्या बाहीवर जांभळे शिंतोडे, कोणाच्या खिशावर गुलाबी ओघळ. एकदा तर वरून पांढरा दिसणारा ॲप्रन उन्हात वाळत घातला, आणि तासाभरात त्यावर काळे ठिपके उमटले. कपडा आपणच बिघडवला असं वाटून काका दिवसभर ते ठिपके घासत बसले. संध्याकाळी ॲप्रनवाली मुलगी हसत म्हणाली, "काका, ते सिल्व्हर नायट्रेट. ऊन लागलं की काळं पडतं." नऊ वर्षांच्या चौकशीने टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून तिने एक वही सुरू केली. जुन्या चादरीचे चौकोनी तुकडे कापायचे, मुलांकडून प्रयोगशाळेतल्या रंगांचा एकेक थेंब मागून आणायचा, तुकडा वहीत चिकटवायचा आणि खाली नाव लिहायचं. सॅफ्रानिन. मिथिलिन ब्लू. क्रिस्टल व्हायोलेट. आयोडीन, आणि खळ दिलेल्या कपड्यावरचं आयोडीन, जे निळं होतं. ती वही काउंटरच्या वरच्या फळीवर, पावतीपुस्तकांच्या शेजारी असायची. मोठी झाल्यावर काय व्हायचं हे चौकशीला कोणी विचारलंच नाही. ते फळीवर ठेवलेलंच होतं.

आणि मग बारावीचे मार्क आले. वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, एकदाच रडून मोकळे झाले असते सगळे. जुन्या कॉलेजच्या पहिल्या यादीत नाव नव्हतं, दुसऱ्या यादीत नव्हतं, आणि तिसरी यादी तिच्यापासून फक्त दोन मार्क वर येऊन थांबली. दोन मार्क! चौकशी नोटीस बोर्डासमोर इतका वेळ उभी राहिली की शिपायाने तिला पाणी आणून दिलं.

उरलं ते दुसरं कॉलेज. तीन वर्षांपूर्वी टाइल्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर निघालेलं. नाव होतं 'प्रगत जीवविज्ञान व संशोधन महाविद्यालय', आणि ते पाटीत मावेना म्हणून शेवटची अक्षरं दाटीवाटीने उभी केलेली. तिथून रोज फोन यायला लागले. जागा थोड्या आहेत, शनिवारी संध्याकाळी प्रवेश बंद, ताईंचा अर्ज लगेच भरून टाका.

"भरून टाकू," काकू म्हणाल्या. "निदान पोरीचं वर्ष तरी वाया जाणार नाही."

काकांना ते पटेना. कारण त्या कॉलेजचे ॲप्रनही त्यांच्याकडेच येत होते. सोमवारी दारावर ॲप्रनची तपासणी व्हायची, म्हणून शुक्रवारी ढीग यायचा. आणि तीन वर्षांत त्या ढिगातून काकांनी चहाचे डाग काढले होते, बॉलपेनचे काढले होते, तेलाचे, लिपस्टिकचे, एकदा बसच्या ग्रीसचा. रंगाचा एक थेंब म्हणून कधी आला नव्हता. जांभळा नाही, गुलाबी नाही, काहीच नाही. तिथली मुलं तीन वर्षं करतात तरी काय, हा प्रश्न त्यांना आधीही पडला होता. पण तेव्हा तो दुसऱ्यांच्या मुलांचा प्रश्न होता. आता लेकीची तीन वर्षं पणाला लागली होती, आणि तीन वर्षं ही काही पुन्हा धुऊन घालता येणारी गोष्ट नव्हे.

गुरुवारी तिघं कॉलेज बघायला गेले. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली. प्रवेशाचं काम बघणाऱ्या मॅडमनी गुळगुळीत कागदाचं माहितीपुस्तक हातात दिलं. त्यात दुर्बिणीसारख्या यंत्रात डोळा घालून हसणारी मुलं होती. यंत्रात बघताना कोणी हसतं का, असं काकांच्या मनात आलं. मग मॅडम प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला गेल्या. किल्ली लागेना. दुसरी आणली. तिसऱ्या किल्लीने दार उघडलं.

आत ओळीने सूक्ष्मदर्शक होते, प्रत्येकावर प्लॅस्टिकची पिशवी. कपाटात बाटल्या होत्या, गळ्यापर्यंत भरलेल्या. चौकशी हरखून बाटल्यांवरची नावं वाचायला लागली, आणि तिचा चेहरा बघून काकूंनी डोळ्याला पदर लावला. काका मात्र थेट कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले. त्यांनी वाकून पाहिलं. बोट फिरवलं. पांढरं शुभ्र. नळ सोडला तर आधी नुसती हवा सुटली, मग तपकिरी पाणी.

"आमच्याकडे स्वच्छतेवर फार भर असतो," मॅडम म्हणाल्या.

"दिसतोय," काका म्हणाले.

शुक्रवारी कॉलेजातले एक तरुण सर नेहमीप्रमाणे शर्ट घ्यायला आले. काकांनी त्यांच्या दोन शर्टांच्या विरलेल्या कॉलर उलटून शिवून दिल्या होत्या, त्यामुळे सरांच्या पगाराचा अंदाज त्यांना होता. काकू आत होत्या, चौकशी दुकानात नव्हती. काकांनी शर्ट पुढे केला, पण त्यावरचा हात काढला नाही.

"सर, एक विचारू? खरं सांगायचं. तुमच्या मुलांच्या ॲप्रनला रंग का लागत नाही?"

सरांनी आधी रस्त्याकडे पाहिलं. "बाटल्या विद्यापीठाच्या तपासणीच्या आदल्या आठवड्यात येतात काका. तपासणी झाली की कपाटाला कुलूप."

"मग मुलं परीक्षेत काय करतात?"

"चित्रं काढतात," सर म्हणाले. "चांगली काढतात."

सरच पुढे बोलले. "तुमची मुलगी काल आली होती ना? पाठवू नका असं मी म्हणणार नाही. मुलं आली नाहीत तर माझी नोकरी जाते. आणि पाठवा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही." त्यांनी शर्ट काखेत घातला आणि उरलेली चिल्लर न घेताच निघून गेले.

त्या दुपारी काकांनी लेकीला समोर बसवून सगळं सांगितलं. ॲप्रन, बेसिन, कुलूप, चित्रं. काही लपवलं नाही, कारण लपवणं त्यांना जमतच नव्हतं. ती शांतपणे ऐकत होती. एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हाच काकांना कळायला हवं होतं.

"बाबा, मला हे कळलं नाही असं वाटतं तुम्हाला?" ती म्हणाली. "मी पण बघितलं बेसिन."

"मग?"

"मग काय? तुम्ही सांगा. दुसरं कुठलं कॉलेज आहे? एक वर्ष घरी बसू, परत परीक्षा देऊ, आणि परत दोन मार्क कमी पडले तर? मग काय, इस्त्री करू?" हे तिच्या तोंडून गेलं आणि आत इस्त्री करणाऱ्या काकूंचा हात थांबला. चौकशी खाली बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही जाणार. पण मग नाही म्हटल्यावर पुढे काय, तेही तुम्हीच सांगा."

नाही म्हणायला हातात दुसरं काहीतरी असावं लागतं. शनिवारी संध्याकाळी, वेळ संपायच्या अर्धा तास आधी, काकांनी पालकाच्या रकान्यात सही केली. मॅडमनी अभिनंदन केलं. काकांना तो शब्द कानाखाली वाजवल्यासारखा लागला.

पुढचे महिने कसे गेले ते काय सांगायचं. दर शुक्रवारी चौकशीचा ॲप्रन ढिगात यायचा, आणि काका बाकीचे सोडून आधी तो उजेडाला धरायचे. कोरा. पुढच्या शुक्रवारी कोरा. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बाहीला पेन्सिलीचं शिसं लागलेलं, म्हणजे चित्रं चालू होती. काकांचा चेहरा पडायचा, आणि तो चेहरा काउंटरच्या पलीकडून ती बघायची. जेवताना ती आता काहीच विचारत नसे. काकू एकदा म्हणाल्या, "अगं चौकशी, बोल की काहीतरी!" तर म्हणाली, "काय बोलू आई, सगळं ठीक चाललंय."

पाचव्या महिन्यात एका दुपारी तिने दुकानात पाऊल टाकलं आणि ॲप्रन काउंटरवर पसरला. "बाबा, बघा. आज प्रॅक्टिकल झालं."

उजव्या खिशाखाली नाण्याएवढा डाग होता. काळपट जांभळा.

"लागला गं बाई एकदाचा!" म्हणत काकू इस्त्री तशीच टाकून धावल्या. त्यांचे डोळे भरून आले. काकांनी ॲप्रन उचलला, उजेडाला धरला. नखाने खरवडावा लागला नाही, नाकाशी न्यावा लागला नाही. तीस वर्षं ते रोज त्याच शाईने गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या कॉलरमागे आकडे टाकत आले होते. मध्ये जांभळट काळी, कडेला तपकिरी झाक. ही खुणेची शाई होती, त्यांच्याच काउंटरच्या खणातली.

"कशाचा?" त्यांनी विचारलं.

"क्रिस्टल व्हायोलेट," ती पटकन म्हणाली. आणि कितीतरी दिवसांनी तिने एक प्रश्न विचारला. "निघेल का?"

बापाला डाग ओळखता येणार नाही असं तिला वाटलं असेल, हे शक्यच नव्हतं. सुट्टीत याच शाईने तिने शेकडो आकडे टाकले होते. तरी तिने हे केलं, कारण दर शुक्रवारचा तो चेहरा आता तिला बघवत नव्हता. काकांना हे सगळं एका क्षणात समजलं. त्यांना वाटलं, कोरा ॲप्रन मी तीन वर्षं मुकाट्याने धुतला असता गं पोरी.

"नाही निघायचा," ते म्हणाले. "पक्का आहे."

"वहीत लावायचा का हा?" काकूंनी विचारलं. वही समोरच होती, वरच्या फळीवर.

"नको आई. आता कोण ते लावत बसतंय." चौकशी आत गेली. जाताना तिने फळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

काकांनी खण उघडला. शाईच्या बाटलीचं बूच वाकडं बसलं होतं. त्यांनी ते काढून नीट बसवलं आणि खण लावला. काकूंनी तो ॲप्रन स्वतः धुतला, कडक इस्त्री केली, आणि डाग रस्त्यावरून दिसेल असा दारातल्या तारेवर टांगला.

संध्याकाळी एक नेहमीच्या बाई पडदे टाकायला आल्या. ॲप्रनकडे बघून हसल्या. "काय काका, तुमच्या दुकानात डाग राहिला? हा कशाचा हो?"

काकांनी मान वर केली नाही.

"क्रिस्टल व्हायोलेट," ते म्हणाले. "लेकीचा आहे. कॉलेजात प्रॅक्टिकल होतं आज." आणि पडदे उजेडाला न धरताच त्यांनी पावती फाडून दिली.