गिरणीच्या दारातला चार्जर

दहिसरला, नदीच्या जरा अलीकडे, एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर रत्नप्रभाकाकूंची पिठाची गिरणी आहे. काकूंचा जगात सगळ्यात लाडका शब्द ‘का’. कुणी निम्मंच दळण आणलं, का? कुणाच्या घरचे पाहुणे दुपारीच परतले, का? त्यात खोट नसायची, निव्वळ कुतूहल. म्हणून लोक चिडायचे नाहीत. उलट सांगून मोकळे व्हायचे आणि डबा उचलताना आणखी चार गोष्टी पदरात टाकून जायचे.

परळची कापडगिरणी बंद पडल्यावर काकूंच्या सासऱ्यांनी ही गिरणी टाकली. नियम एकच. दळण संपलं की खटका खाली. रिकामी चक्की फिरली तर दगड दगडाला खातो. देवगडहून लग्न होऊन आलेल्या काकूंच्या हाताला ही सवय अशी बसली की सासरे गेले, पुढे नवराही गेला, तरी शेवटची मूठ पडली की हात आपोआप खटक्यावर.

पण दळणंच आटली. समोर टॉवर उठले आणि टॉवरवाले पीठ पिशवीतून आणायला लागले. अशात एका चार्जिंग कंपनीचा सिद्धेश दारात उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला एक ‘बेसिकली’.

“मॅडम, टॉवरमध्ये इलेक्ट्रिक गाड्या ढीगभर आहेत, पण सोसायट्या चार्जर लावू देत नाहीत, बेसिकली. हायवे इथून पाच मिनिटांवर. जागा तुमची, मशीन आमची. जेवढी वीज विकेल त्यात तुमचा वाटा, बेसिकली.”

काकूंनी दारातली पत्र्याची शेड पाडली, तिथला मसाला कुटायचा डंक विकला आणि तिथे एक गाडी नीट उभी राहील अशी जागा केली. मशीन आलं. उंच, पांढरं, पोटातून जाड काळी नळी लोंबणारं. त्याचा वेगळा खटका आत, चक्कीच्या खटक्याला लागून. काकूंनी हळदकुंकू लावलं.

आणि मग कुणी आलंच नाही.

अगदीच नाही म्हणायला, गाड्या हळू व्हायच्या. आतला माणूस बोर्डाकडे बघायचा, फोनकडे बघायचा, चेहरा आंबट करायचा आणि निघून जायचा. काकू चक्कीमागून मान लांब करून बघत. थांबतात का? जातात का?

धाकटे दीर नंदू रोज संध्याकाळी पायरीवर बसून पान लावायचे आणि मालवणीतून मीठ चोळायचे.

“वयनी, डंक चैत-वैशाखात तरी चार पैशे देय होतो. ह्यो काय देता? नुसतो नवऱ्यासारखो उभो.”

“गप बसा भावजी.”

“मी गप. पण तो मोबाइलच्या कव्हरांवालो परत इचारून गेलो. अर्धो गाळो दी म्हणता.”

काकूंना खरी धास्ती त्याचीच होती. सिद्धेशचा फोन येऊन गेला होता. महिनाअखेरपर्यंत गाड्या लागल्या नाहीत तर मशीन उचलून एका मॉलमध्ये नेणार. मशीन गेलं की अर्धा गाळा कव्हरांना द्यावा लागणार, आणि अर्ध्या गाळ्यात चक्की चालवणं म्हणजे ताटलीत पोहणं. सिद्धेशने दोष नेटवर्कला दिला होता. “सिस्टममध्ये तुमचं मशीन सारखं ऑफलाइन दिसतं, पण मी व्हिजिटला आलो की एकदम झकास. एरियाचा इश्यू आहे, बेसिकली.”

झकास असणारच. तो यायच्या आधी फोन करायचा, आणि पाहुणा येणार म्हणून काकू मशीन पुसून, खटका वर करून ठेवायच्या.

मग एका दुपारी एक टॅक्सी थांबली. चालवणारी बाई होती, तिशीची, ड्रायव्हरच्या खाकी शर्टात. तिनेही बोर्ड पाहिला, फोन पाहिला, चेहरा आंबट केला. ती गिअर टाकणार एवढ्यात काकू पिठाच्या हातांनिशी थेट बोनेटसमोर.

“थांबलीस कशाला गं? आणि चाललीस का?”

“मावशी, बंद आहे ना तुमचं.”

“कोण म्हणतं?”

“ॲप.”

“मी इथे ढळढळीत उभी आहे. मला सोडून ॲपला विचारलंस?”

बाई हसली. नाव नीलम, घाटकोपरची, चेक नाक्यावर भाडं सोडून आलेली. तिने काच खाली करून फोन पुढे धरला. “बघा. हिरवा ठिपका म्हणजे चालू, राखाडी म्हणजे बंद. हे तुम्ही. मी या रस्त्याने नेहमी येते, कायम राखाडी.”

काकू आत गेल्या, खटका वर केला. मशीनवर दिवे लुकलुकले. थोड्या वेळाने ठिपका हिरवा. काकूंनी खटका पाडला. राखाडी. परत वर. हिरवा.

“मावशी, खेळू नका ना यार. माझी गाडी मरायला टेकलीय.”

नळी लागली. काकू मशीनला एक प्रदक्षिणा घालून आल्या. “म्हणजे तू गेल्यावर खटका पाडायचा नाही?”

“का पाडायचा?” आता ‘का’ दुसऱ्याच्या तोंडात होता.

“रिकामं फिरवू नये.”

“ते फिरत नाही हो, नुसतं जागं असतं. मी नाही का, भाडं नसलं तरी फोन चालू ठेवून बसते. फोन बंद करून बसले तर भाडं काय मला हुंगत येईल?”

काकू ओशाळल्या, मग हसत सुटल्या. दोन महिने गिऱ्हाइकाची वाट बघत त्यांनी स्वतःच दाराला कडी घातली होती.

त्या दिवसापासून मशीनचा खटका वर. पण हाताला कोण समजावणार? दळण संपलं की हात निघायचाच. शेवटी त्यांनी त्या खटक्याला लाल फडकं बांधलं. फडकं दिसलं की हात परत. नंदूभावजी म्हणाले, “आता खटक्याची पण वटी भरतंस काय?”

गाड्या आल्या. टॉवरमधले एक गृहस्थ आले, सोसायटीच्या सेक्रेटरीला शिव्या घालत. टॅक्सीवाले आले. गाडी भरेपर्यंत माणूस अडकलेला, त्यामुळे काकूंच्या ‘का’ला चंगळ झाली. गाडी भरायला वेळ का लागतो, टॅक्सी कुणाची, बायको काय म्हणते. आणि नीलम एका खेपेला डिकीतून ज्वारीचा डबा घेऊनच उतरली.

“आमच्याकडचा गिरणीवाला ज्वारी गव्हात मिसळतो. गाडी भरेस्तोवर दळून द्या.”

तिचं बघून टॉवरवाल्या गृहस्थांनी गहू आणले. बायकोने पाठवले, म्हणाले. चक्की पुन्हा दिवसभर घरघरू लागली.

महिनाअखेरीला सिद्धेश आला, या वेळी फोन न करता. मशीन कसं काढायचं ते बघायला आला होता. पाहतो तर नळी एका गाडीत, आणि मागे दुसरी उभी.

“अचानक काय झालं, मॅडम?”

“मी रोज खटका पाडत होते. आता पाडत नाही.”

सिद्धेश आत डोकावून खटक्यावरचं लाल फडकं बघून आला. “तो पाडायचा नसतो हे आम्ही सांगितलं नव्हतं?”

“नाही.”

“बेसिकली… नाही.”

त्याने आकडे पाहिले, गाल फुगवले. नुसत्या विजेवर अजून जेमतेम आहे, म्हणाला, पण दिवाळीपर्यंत मशीन इथेच ठेवू. मग फोन काढून त्याने ॲपमधली गिरणीची माहिती भरायला घेतली.

“वेटिंग एरियात काय काय आहे? कॅफे?”

“नाही.”

“वाय-फाय? वॉशरूम?”

“चाळीचं आहे, पण ते लिहू नका.”

“मग लोक थांबतात कशासाठी?”

“दळणासाठी.”

“ते ऑप्शनमध्ये नाही, बेसिकली.”

“नाही? का?” काकूंनी हातावरचं पीठ झटकलं आणि त्याच्या फोनमध्ये डोकावल्या. “घाला की मग. आणि बाजरीवाल्यांना शेवटचा नंबर, हेही लिहा. नाहीतर पुढच्याच्या गव्हाला तिचा वास लागतो.”