आरपार दिसणारी पिशवी

माझा सगळ्यात मोठा अपमान झाला तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. मी तो दोन्ही हातांनी घेतला आणि शिवाय वाकून नमस्कारही केला.

कारखान्यात दरवर्षी सत्यनारायण असायचा. मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर आमचा कारखाना होता. रेडिओ, टेपरेकॉर्डरच्या आतली जोडणी आम्ही बायका करायचो. दिवसभर मान खाली आणि नाकात सोल्डरिंगचा धूर. पूजेच्या दिवशी मात्र मशिनींना हार, चौरंगाला केळीचे खांब, द्रोणात शिरा. मॅनेजरसाहेबांनी माईक घेतला आणि माझं नाव पुकारलं.

"या मुलीला सांगावं लागत नाही," ते म्हणाले. "गेटवर येते, स्वतःहून पिशवी उघडते, डबा उघडते. असा प्रामाणिकपणा पाहिजे."

त्यांच्या मिसेसनी माझ्या हातात रंगीत कागदातली वस्तू ठेवली. म्हणाल्या, उघड ना. मी उघडली. प्लास्टिकची पर्स होती. आरपार दिसणारी.

"आता तर उघडायचीसुद्धा गरज नाही!" साहेब माईकवर म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आज ते पाणी आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कोणी पार्ट पळवू नयेत म्हणून संध्याकाळी काम सुटलं की आमची झडती व्हायची. गेटशेजारी एक पडदा होता, त्यामागे सावंतबाई उभ्या असायच्या. त्या पिशवी बघत, कंबर चाचपत. पुरुषांचे खिसे वॉचमन बघायचा. ऑफिसातली माणसं दुसऱ्या दाराने बाहेर पडायची. तिथे पडदा नव्हता आणि सावंतबाईही नव्हत्या. टायपिस्ट बाईच्या चामड्याच्या पर्समध्ये कधी कोणी डोकावलं नाही.

बाकीच्या बायका झडतीला कुरकुरायच्या. शैला तर तोंडावर म्हणायची, "काय गं सावंतबाई, आज काय सापडलं? भेंडीची भाजी?" मी कधी कुरकुरले नाही. सावंतबाईंनी हात पुढे करायच्या आत माझा डबा उघडा असायचा. पाकिटातली नाणीसुद्धा मी तळहातावर घेऊन दाखवायचे. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं.

हे मी आईकडून शिकले होते. आम्ही घाटकोपरला डोंगरावर राहायचो. बाबा गिरणीत होते. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही, आणि बाबा दारात बसून राहिले. घर आईच्या पोळ्यांवर आणि माझ्या पगारावर चालायचं. आई स्टेशनच्या पूर्वेच्या एका सोसायटीत स्वयंपाकाला जायची. लहानपणी मी तिच्याबरोबर जायचे. निघताना ती दारात थांबायची, कमरेचा पदर सोडायची आणि दोनदा झटकायची. "येते हां वहिनी." त्या घरच्या वहिनी मान डोलवायच्या. मला वाटायचं, दुसऱ्याच्या घरातून निघायची पद्धतच अशी असते.

पूजा झाली आणि आठवड्याभरात फळ्यावर नोटीस लागली. सर्व महिला कामगारांनी पारदर्शक पिशवी वापरावी. पिशव्या कंपनीच देणार होती. ढीगच आणून ठेवला होता. माझ्या बक्षिसासारख्याच, फक्त कागदात गुंडाळलेल्या नव्हत्या.

बायकांनी माझ्याकडे पाहिलं.  मी मान खाली घालून तार जोडत बसले.

मग शैलाचा तो दिवस आला. पाळीच्या दिवसांत आम्ही जुन्या साडीच्या घड्या वापरायचो. वापरलेली घडी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायची, धुवायची. कापडी पिशवीत तळाशी असायची, कोणाला कळायचं नाही. आता सगळंच दिसत होतं, त्यामुळे पडद्याबाहेर वॉचमनही बायकांच्या पिशव्या बघायला लागला होता. शैलाने पिशवी छातीशी धरली होती. वॉचमन म्हणाला, "हात काढ, दिसू दे." तिने हात काढला. कागद ओला झाला होता. गेटवर माल भरायला टेम्पोवाले उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "आज पेपरात काय बातमी आहे रे?"

आणि ते हसले.

मी शैलाच्या मागेच होते. ती वळली. ती त्यांच्याकडे बघेल असं मला वाटलं होतं, पण तिने माझ्याकडे पाहिलं.

"बघ. तुझं बक्षीस आमच्या सगळ्यांच्या खांद्याला लटकतंय."

 बसमध्ये ती पुढे बसली, मी मागे. घरी आले आणि ताट बाजूला सारलं. तोपर्यंत मी स्वतःला समजावत होते की माझ्यामुळे कोणाचं काय गेलं? मी चांगलीच वागले ना? त्या दिवशी कळलं. मालकांना कळत नव्हतं की बायकांना किती वाकवता येईल. ते मी त्यांना दाखवलं होतं. रोज, न मागता, डबा उघडून.

ती बोचणी घेऊनच मी दिवस काढत होते. मग माझ्या लक्षात यायला लागलं की मी सगळीकडेच अशी आहे. घाटकोपर स्टेशनबाहेर एका दुकानात ब्लाउजपीस बघायला गेले. आवडला नाही. निघताना माझा हात आपोआप पिशवीकडे गेला आणि मी ती दुकानदारापुढे उघडी धरली. तो चमकला. तोवर त्याला माझ्याबद्दल काहीच वाटलं नव्हतं. आता त्याने नीट वाकून पाहिलं. नोकराला हाक मारली, पीस मोजून घे म्हणाला. पीस बरोबर भरले. तरी मी त्याला "सॉरी" म्हटलं आणि दुकानाबाहेर आले.

कशाबद्दल सॉरी? रस्त्यात उभी राहून मी स्वतःला विचारलं. माझ्या मनात माझं जे चित्र होतं, त्यात मी चोर होते. मी आयुष्यात कोणाची टाचणी उचलली नव्हती. तरी मी चोरासारखी चालायचे, चोरासारखी बोलायचे, चोरासारखी खाली बघायचे. मग समोरच्याने मला दुसरं काय समजावं?

त्याच महिन्यात एका रविवारी आईला ताप होता. खाडा नको म्हणून ती तशीच कामाला निघाली, मीही मदतीला गेले. पोळ्या मी लाटल्या, तिने भाजल्या. ओटा पुसला. वहिनी आतल्या खोलीत दार लावून झोपल्या होत्या. बाकी घरात कोणी नव्हतं. हॉलमध्ये फक्त पंखा फिरत होता.

आई दारात थांबली. पदर सोडला. दोनदा झटकला.

समोर रिकामा सोफा होता.

 "आये, कोणाक दाखवलंस?" मी विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. पदर खोचत म्हणाली, "आपण आधीच दाखवला तर कोण बोट दाखवूचो नाय गो."

डोंगर चढताना ती धापा टाकत होती. मी तिचा हात धरला होता आणि मला तिचा राग येत होता, आणि राग येतो म्हणून स्वतःची लाज वाटत होती. तिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोळ्या माझ्यासाठीच भाजल्या होत्या, तापातसुद्धा. पण तो पदर मी डोळ्यांपुढून काढू शकत नव्हते. मी म्हातारी होईन तेव्हा भिंतीपुढे डबा उघडून उभी असेन, असं मला दिसलं.

रात्री मी जुन्या परकराची पिशवी शिवली. जाड कापड, वर नाडी.

सोमवारी तीच घेऊन कामाला गेले. सकाळी कोणी बघत नाही. संध्याकाळी रांगेत उभी राहिले. सावंतबाई म्हणाल्या, "हे काय? उघड."

"नाही उघडणार."

"काय झालं गं तुला?"

"ऑफिसातल्या पर्स उघडा. मग माझी उघडते."

  रांग थांबली. वॉचमन धावत गेला आणि मॅनेजरसाहेब खाली आले. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"तू? तुला तर आम्ही बक्षीस दिलं!"

मी काखेत धरलेली ती प्लास्टिकची पर्स सावंतबाईंच्या टेबलावर ठेवली. रिकामी.

"म्हणजे त्या पिशवीत काहीतरी आहे," साहेब म्हणाले. "नसेल तर दाखव. एक मिनिटाचं काम आहे."

एक मिनिटाचंच होतं. आत डबा होता, रुमाल होता, बसचे सुटे पैसे होते. नाडी सोडली असती तर नोकरी वाचली असती. घरी बाबा बसलेले, आई तापाने फणफणलेली. हात नाडीकडे गेलाही. खोटं कशाला सांगू? नाडीवर बोटं होती माझी. मग मला तो रिकामा सोफा दिसला आणि मी हात मागे घेतला.

"नाही."

"चोर म्हणून जाशील इथून."

"म्हणा."

उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. उरलेला पगारही अडकवला. मी गेटबाहेर आले तेव्हा मागे रांग पुन्हा सरकायला लागली होती. सगळ्यांच्या खांद्याला त्याच पिशव्या होत्या. शैला माझ्याकडे बघत होती, पण तिचीही पिशवी तीच होती. मी माझं बक्षीस परत केलं. त्यांच्या खांद्यावरचं मला काढता आलं नाही. ते ओझं माझं आहे, आणि ते कोणी माझ्यावरून उतरवावं असं मला वाटत नाही.

घरी सांगितलं.  आई अंथरुणावर उठून बसली.  मग हळूच, बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"खरा सांग. काय होता पिशयेत?"

कारखान्यात रडले नव्हते. तेव्हा रडले.

"काय नव्हता, आये."

"मगे दाखव बघूया."

माझ्या आईने मागितलं होतं. दुसऱ्या कोणी नाही. मी उठले, पिशवी नाडीसकट खिळ्याला अडकवली आणि तिच्यासमोर बसले.

"नाय दाखवूचंय," मी म्हटलं. "तुकाव नाय. आणि तू बरी झालंस की त्या घरात पदर झटकूचो नाय. झटकलंस तर मी त्या दारात येऊन उभी रवतलंय."

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. पिशवी खिळ्यावरच होती. दुसऱ्या दिवशी सुटीच्या वेळेला ती खांद्याला लावून मी कारखान्याच्या गेटसमोर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. शैला बाहेर पडेल तेव्हा तिला बंद पिशवी दिसली पाहिजे. त्या रांगेतल्या शेवटच्या बाईला दिसेपर्यंत मी रोज तिथे उभी राहणार होते.