टॅबची बोलती बंद

पडद्यामागून वाक्याचा पहिला शब्द फेकायचा, पुढचं नटानं ओढायचं. हे काम रईसनं झाडीपट्टीतल्या वडशाच्या एका नाटक कंपनीत बारा हंगाम केलं. दोन हजार सहाला कंपनीत कॉम्प्युटर आला, तर त्यालाही त्यानं तेच शिकवलं. फुकटची लिनक्स प्रणाली टाकली, मशीनसाठी हुकमांची एक स्क्रिप्ट लिहिली. गावाचं नाव टाइप करून टॅबचं बटण दाबलं की मशीन रिकाम्या तारखा पुढे करी. बुकिंगला बसणारी रंजीता खूश.

तारखांची यादी मात्र मालक लच्छूभाऊंच्या पेनड्राईव्हमध्ये, आणि तो त्यांच्या गळ्यात, ताईतासारखा. दुसऱ्या कंपनीनं तारखा पाहू नये म्हणून! तो लावायचा राहिला की टॅब दाबताच ओळीच्या मधोमध इंग्रजी उमटे : अशी फाईल नाही.

गावच्या मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं नाटक ठरवायला आलेला एक म्हातारा म्हणाला, "मशीन काऊन खेकसून राह्यली जी?"

लच्छूभाऊंची लाज गेली. "रईस, आजच्या आज याचं तोंड बंद कर. नाई तं उद्यापासून येऊ नोको."

रईसनं स्क्रिप्टच्या ओळीमागं चार अक्षरं जोडली. "आता चुकीचं सारं बिनबुडाच्या खड्ड्यात जाते, भाऊ. वर काईच येत नाई."

दुसऱ्या दिवशी रंजीतानं टॅब दाबलं. गप्प. एकही तारीख नाही. तिनं तीन मंडळांना हात जोडून परत पाठवलं. लच्छूभाऊ मिशीला पीळ देत, "कंपनी फुल्ल!"

नायिका केसरबाई पान लावत होती. "फुल्ल? मंग मले कोन्या गावी नाचाचं हाय, सांगा ना."

रईसची नजर मालकाच्या गळ्यावर गेली. पेनड्राईव्ह तिथंच लटकत होता. त्यानं सायकल काढली, एसटी स्टँडावरून दोन मंडळं वळवून आणली. तिसरं समोरच्या कंपनीत चहा पीत बसलं होतं.

संध्याकाळी त्यानं स्क्रिप्टमध्ये आधी यादी आहे का ते पाहायला लावलं. नसली तर रोमन अक्षरांत एकच ओळ : लच्छूभाऊ, पेनड्राईव्ह लावा.

सकाळी भरल्या ऑफिसात ती ओळ रंजीतानं मोठ्यानं वाचली. मंडळी खोखो हसली.

"हे बी टाक त्या खड्ड्यात!" लच्छूभाऊ गरजले.

"हे नाई," रईस म्हणाला. "पाह्यजे तं मले टाका."

केसरबाईचा अडकित्ता थांबला. लच्छूभाऊंनी पेनड्राईव्ह काढायला गळ्यातला दोरा ओढला, तो कानाला अडकला. "पाहून काय राह्यला बे? सोडव!"